भिंत आली की हाक दे

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

बंगळुरू, दि. २० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईची शेंगदाण्याची चटणी एकाच पुडक्यात आली. वाटेत चटणीचं तेल पत्राला लागलं, त्यामुळे तुझ्या सगळ्या काळज्या लसणासकट वाचल्या. शिबिरात फोन फक्त रविवारी मिळतो आणि तोही थोडा वेळ. त्यात आई 'जेवलीस का' विचारते, अण्णा दुकानातल्या गिऱ्हाइकांना माझा आवाज ऐकवतात, आणि तुझी पाळी येईपर्यंत फोन परत द्यायची वेळ होते. म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी की माझी निवड पक्की झाली. मस्कतच्या आशियाई स्पर्धेत मी दोन शर्यती पोहणार, दोनशे मीटर आणि शंभर मीटर, दोन्ही पाठीवरच्या. दोनशेची माझी खरी. शंभर मीटरमध्ये मी अंग तापेपर्यंत शर्यत संपलेली असते. कोच मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, दोहोंपैकी एकीत तरी अंतिम आठ जणींत आले तर शिबिरातली जागा राहील. नाही आले तर सामान बांधून घरी. रागानं नाही म्हणाल्या. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं, त्याचीच जास्त भीती वाटली.

परवा सरावात भिंतीवर हात आपटला. बोटं सुजली होती, आता सूज उतरली. पाठीवर पोहताना आपण कुठं चाललोय ते दिसत नाही, हे तुला वेगळं काय सांगू. इथं भिंतीच्या पाच मीटर अलीकडे पाण्यावर आडव्या पताका बांधतात, जत्रेत असतात तशा. पताका डोळ्यांवरून गेल्या की हात मोजायचे, मग पोटावर वळून लगेच कोलांटी मारायची आणि भिंतीला पाय लावून परत फिरायचं. सगळ्या मुली मोजतात. मीही मोजते, पण मोजून झालं तरी अंग थांबून राहतं. मान तिरकी होते, भिंत शोधते. तेवढ्यात बाकीच्या पुढं जातात.

मॅडमनी विचारलं, कशाची वाट बघतेस गं? त्यांना काय सांगू, धारूरला विहिरीच्या पायरीवर बसून माझी ताई 'आली गं' म्हणून ओरडायची, त्याची वाट बघते म्हणून? एकदा वाटलं, तुझी नेमणूकच करायला सांगावी. भारतीय संघाची अधिकृत हाक. पगार म्हणून चटणी.

आप्पाआजोबांना माझा मायना दाखव आणि चूक निघाली तर मला कळवू नकोस. बाकी तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे, फक्त थोडा कमी घाबरू दे.

तुझी,
गंगासागर


॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

धारूर, दि. २९ जुलै

चि. गंगासागर हिस,
अ. आ.

पत्र पावलं. निवडीची बातमी अण्णांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, साखर घेणाऱ्याला आणि उधारी मागायला आलेल्यालाही. आईनं विचारलं, तिथं पाणी गार असतं का. मी नाही म्हणाले. मला माहीत नाही, पण ती झोपली पाहिजे.

आप्पांना मायना दाखवला. ठीक आहे म्हणाले. आपण शेतात राहायचो तेव्हा, शाळेत जायच्या आधी, त्यांनीच आपल्याला ओसरीवर बसवून लिहायला शिकवलं. एका घरात असून तुझ्याकडून मला आणि माझ्याकडून तुला पत्रं लिहून घ्यायचे. पत्रात मोघम लिहायचं नाही आणि खोटं तर नाहीच, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. म्हणून खरं लिहिते. तुझी थट्टा मला थट्टा वाटली नाही.

ती खोड तुला मीच लावली. खालच्या काळ्या पाण्याला तू भ्यायचीस, म्हणून मी म्हणाले, खाली बघूच नको, उताणी हो, आभाळाकडे बघ, भिंत आली की मी हाक देते. मला स्वतःला पोहता येत नाही. आजही गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी मागं फिरते. पायरीवर बसून मी तुला पोहायला शिकवलं आणि तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

काल शेतात गेले होते. विहीर अर्ध्यावर भरलीय, कडेच्या सीताफळीला बारीक फळं धरलीत. पायरीवर बसून मी मनातल्या मनात तुला पोहवलं. तुझं डोकं भिंतीपासून हातभर राहिलं की मी ओरडायचे आणि तू वळायचीस. एकदाही डोकं आपटू दिलं नाही.

सहज विचारते, मस्कतला लोक तलावाच्या त्या टोकाला बसू शकतात का? आणि पाण्यात कान असताना वरचं ऐकू येतं का? घाईनं उत्तर लिहू नकोस, सराव कर. सुजलेल्या बोटांना हळद लाव. माया आहे तशीच असू दे, आणि मला हसू नकोस.

तुझी,
ईश्वरी


धारूर, दि. १२ ऑगस्ट

ती. राजेश्वरदादा यांस,
सा. न. वि. वि.

सत्यशीलावहिनी उद्या तुझ्याकडे मस्कतला निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते. आमचा फोन दिवसभर दुकानात असतो. त्यावर काही बोललं की अर्ध्या बाजाराला कळतं. काकूंनी तुझ्यासाठी खवा दिलाय. वहिनी म्हणतात विमानात तो काढून घेतील, काकू म्हणतात घेणाऱ्यालाही खाऊ दे.

दादा, एक काम आहे. गंगासागरची शर्यत तुमच्याच शहरात आहे आणि तू जाणार आहेसच. तिला पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही. विहिरीत मी हाक द्यायचे, ती सवय तिच्या अंगात राहिलीय आणि त्यामुळे ती वळताना अडते. या शर्यतीत ती अडली तर तिची शिबिरातली जागा जाईल. मी तिथं येऊ शकत नाही. तू किल्ल्यावरून हाक मारलीस तर खाली बाजारात ऐकू यायची, एवढा तुझा आवाज आहे.

शर्यत सुरू होते त्याच्या समोरच्या टोकाला, अगदी खालच्या रांगेत बस. भिंतीच्या अलीकडे पाण्यावर पताका असतील. विहिरीत मी हातभर अंतर राहिल्यावर ओरडायचे, पण तू लांब असशील, आवाज पोचायला वेळ लागेल. उशीर होण्यापेक्षा लवकर झालेलं बरं. म्हणून तिचं डोकं पताकांखाली आलं की लगेच 'आली गं' म्हण. दुसरं काही म्हणू नकोस.

प्रेक्षकांनी ओरडू नये असा नियम आहे का ते मी शोधलं, सापडला नाही. तिच्या मॅडमना विचारावं का, हे चार दिवस ठरवता आलं नाही. तिला आधी सांगू नकोस. ती नको म्हणेल आणि मग ऐनवेळी घाबरेल. मी बरोबर करतेय ना? तू मोठा आहेस, चूक वाटत असेल तर करू नकोस.

वहिनींना तिथं करमेल असं बघ. आमच्यावरची माया दूर राहून पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
ईश्वरी


मस्कत, दि. २४ ऑगस्ट

चि. ईश्वरी हिस,
अ. उ. आ.

मला लिहायची सवय न्हाई, एसी दुरुस्त करता करता अक्षर बिघडलंय. फोन केला असता पण तो दुकानात काका उचलणार. म्हणून लिहून फोटो पाठवायलोय, तू एकटी असताना बघ.

तू सांगितलंस तसंच केलं. सुट्टी काढली, सकाळी जाऊन खालच्या रांगेत बसलो. सकाळची पहिली फेरी, यातून आठ जणी संध्याकाळी पुढं जाणार. माणसं लई थोडी, सगळीकडं शांत. सत्यशीला शेजारी होती.

चार वेळा तलाव पार करायचा होता. पहिल्यांदा ती आमच्या टोकाला आली तेव्हा मी ओरडलोच न्हाई. आपली गंगू, टोपीवर तिरंगा, हे बघून आवाज आतच राहिला. ती बरोबर वळली अन् गेली. मला लाज वाटली, म्हणलं एक काम सांगितलं होतं पोरीनं, तेवढंही व्हईना. मग दुसऱ्या खेपेला ती आमच्याकडं आली तेव्हा दुसरी होती. पताकांखाली डोकं आलं अन् मी पोटातून ओरडलो, आली गं. शेजारचा जपानी माणूस दचकून उभाच राहिला.

तिनं ऐकलं, ईश्वरी. लगेच पालथी झाली, जशी विहिरीत व्हायची. पण भिंत अजून लांब होती. पोटावर पाय मारत ती भिंतीपर्यंत गेली, मग फिरली. तरीही शेवटी तिसरी आली. मी अन् सत्यशीलानं टाळ्या वाजवल्या. मग फळ्यावर सगळ्यांच्या नावापुढं वेळ आली, तिच्या नावापुढं नुसती तीन अक्षरं. जपानी माणसानं मला हातानं फुली करून दाखवली. नंतर सत्यशीलानं कुणाला तरी विचारलं. पोटावर वळलं की लगेच कोलांटी मारायची असती, मधे पोहायचं नसतं म्हणं. बाद केली तिला.

मी वेळेला ओरडलो का न्हाई, तेवढं कळव. मला जेवण जाईना. तुमच्या सगळ्यांवर जीव हाय, तो तसाच समज.

राजेश्वर


॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

धारूर, दि. २५ ऑगस्ट

चि. गंगासागर हिस,
अ. आ.

दादाच्या फोनवर पाठवतेय. तो तुला दाखवेल.

काल दुकानात सगळे जमले होते. तुझी शर्यत दिसावी म्हणून शेजारच्या बंकटकाकांनी त्यांचा मोठा फोन तेलाच्या डब्यावर उभा केला होता. तू तिसरी आलीस तसे अण्णा उठले आणि समोरच्या दुकानातून पेढे आणून वाटायला लागले. आप्पांच्या तोंडात त्यांनी स्वतः घातला. माझ्यापुढं पुडा धरला तर माझा हात पुढं होईना. अण्णा म्हणाले, "कावून रडायलीस, चांगलं झालं की." तुला वळताना बघितलं आणि मला कळलं होतं. फोनवर आवाज नव्हता, पण तू कशामुळे वळलीस ते त्या दुकानात एकट्या मला माहीत होतं.

ती हाक मी द्यायला लावली. दादाचा दोष नाही. त्यानं मी लिहिलं ते शब्दाला शब्द केलं. तो आधी ओरडला असंही नाही, मीच आधी ओरडायला सांगितलं होतं. विहिरीत हातभर आणि तिथं पाच मीटर. इतकी वर्षं मी कधी लवकर हाक दिली नाही. या एका वेळी भीतीपोटी अंतर वाढवलं.

बाद झाल्याचं घरी मीच सांगितलं, आणि कशामुळे तेही. आई चुलीकडे तोंड करून बसली. अण्णांनी उरलेले पेढे पुडीत बांधून फळीवर ठेवले. ते अजून तिथंच आहेत. आप्पा म्हणाले, तिला लिही. म्हणून लिहितेय.

अजून परवा तुझी शंभर मीटरची शर्यत आहे. त्यासाठी मी काय करू, असं इथं लिहिलं होतं, ते खोडलंय. मला तुझ्यासाठी काही न करता बसता येत नाही, कधीच आलं नाही. परवा बसेन.

लोभ ठेव असं मागायचा हक्क वाटत नाही. तरी मागते.

ईश्वरी


॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

मस्कत, दि. २८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू कळवायच्या आधीच मला कळलं होतं. मस्कतमध्ये 'आली गं' म्हणून ओरडणारा दुसरा कोण असणार? शर्यतीनंतर दादा बाहेर भेटला, तर एवढा मोठा माणूस चप्पल हातात घेऊन उभा. का काढली विचारलं तर त्यालाही सांगता येईना.

काल शंभरची झाली. दादा आणि वहिनी आले होते. दादानं आल्यापासून तोंडात रुमाल कोंबून ठेवला होता. वळण एकच होतं. पताका डोळ्यांवरून गेल्या, मी हात मोजले, वळले, आणि पायाखाली भिंत होती. मान तिरकी झाली नाही. अंग कुणासाठी थांबलं नाही. मॅडम म्हणाल्या, इतकं साफ वळण तू आजवर केलं नव्हतंस. सगळ्यांत मी दहावी आले. पुढं आठ जणी गेल्या.

म्हणजे सामान बांधायचं. मॅडमनी पुन्हा तसंच, एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. पण या वेळी त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी स्वतः काढली आणि थोडा वेळ हातात धरून ठेवली.

मी रागावले नाही असं लिहिणार नाही, आप्पांना चालणार नाही. रागावले आहे. दोनशेची माझी होती, ताई. रात्री आठवलं की दात आवळले जातात. आणि आणखी एक आहे, तेही मोघम ठेवत नाही. त्या दिवशी ती हाक कानावर आली तेव्हा मी तलावात नव्हतेच. पाणी काळं होतं, वर गोल आभाळ होतं आणि तू पायरीवर होतीस. मी विचारसुद्धा केला नाही, वळले. सगळ्या शर्यतीत तेवढा एकच क्षण मला भीती वाटली नाही. नंतर भिंत सापडेना.

या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल. तू उपाय शोधत बसू नकोस, एवढं कर.

अण्णांना म्हणावं, पेढे टाकू नका, मी खाईन. सोमवारी पोचते. शेतात जाऊन विहिरीत उतरणार आहे, आई नको म्हणाली तरी. तू पायरीवर बस आणि तिथं मात्र हाक दे, हातभर राहिल्यावर, पहिल्यासारखी. तिथं वर पताका नाहीत.

तुझा लोभ आहे तेवढाच पुरे. वाढवू नकोस, कमीही नको.

तुझी,
गंगासागर