पेन्सिलची खूण

शनिवार, २१ नोव्हेंबर १९७०. नागपूर

...पुन्हा त्याच ओळीवर अडले. आईच्या गायनपुस्तकात तिथे पेन्सिलची बारीक खूण आहे. आईला पुरून नऊ दिवस झाले. उद्या चर्चमध्ये तिची पेटी मला वाजवायची आहे. खूण कशाची, म्हणून बाबांना विचारलं.

"मले दमा हाये ना वं. तिथं श्वास पुरत नव्हता. तुझी माय सूर धरून थांबे."

म्हणजे वीस वर्षं सगळी मंडळी बाबांसाठी थांबत होती? आणि मी तिला चारचौघांत म्हणायची, आई, तुझा ताल चुकतो. ती नुसती हसायची. आता कुणाला सांगू?

"उद्या गाल ना, बाबा?"

"कोणासाठी गाऊ वं?"

रविवार, सकाळ. खुणेपाशी मी सूर धरून थांबले. सगळे थांबले. बाबा तोंड मिटून बसले होते.