गोधडीला काढलेलं लुगडं

शिरपूर जैन

प्रिय इंद्रभान,

दिल्लीच्या पेपरातलं तुझं कात्रण मोबाइलवर मिळालं. शेजारच्या निकितानं इंग्रजी वाचून मला मराठीत सांगितलं. मायच्या चित्रावरून त्यात तुला 'निर्भीड वास्तववादी चित्रकार' म्हटलंय. मी मशीनवर होते. हसता हसता शिवण वाकडी गेली. त्या चित्रातला खरेपणा अख्ख्या गावात मला आणि मायलाच ठाऊक, म्हणून लिहायला बसले. फोन तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापतोस, पत्र काही कापता येणार नाही.

आठव जरा. मागच्या दिवाळीत तू म्हणालास, मायचं चित्र काढतो. बिचारी हरखून गेली. न्हाऊन, केसांना तेल लावून, माझ्या लग्नात मामानं आहेर केलेलं जांभळं लुगडं नेसून ओसरीवर येऊन बसली. तू तिला पाहिलंस आणि घासात खडा लागल्यासारखं तोंड केलंस. मागची भिंत गुलाबी डिस्टेंपरची, खाली फरशी, आणि ती तूच हौसेनं बसवलेली! यातलं काहीच तुझ्या खरेपणाला चालेना. मग घरभर उचकापाचक करून, मी गोधडीत घालायला बाजूला काढलेलं विटकं लुगडं तू हुडकून आणलंस. तेल साबणानं धुवायला लावलंस. आपल्याकडे पडकी भिंत नाही म्हणून तिला सेवालालच्या मोडक्या गोठ्यापुढे नेऊन बसवलंस. "हे तं गोधडीचं हाये, बाप्पा. जांभळं काहून नको?" असं तिनं विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "ते नंतर काढू, माय. पक्कं." तेवढं तिनं मनात धरून ठेवलं.

फेब्रुवारीत आम्ही दोघी दिल्लीला तुझ्या त्या गॅलरीत आलो. पांढऱ्या भिंती, हुडहुडी भरेल असा गारवा, आणि चित्रांकडे पाठ करून हातात पेले घेतलेली माणसं. एकमेकांना बघायलाच जमली होती सगळी. तुझ्या वास्तववादी मित्रांचीही चित्रं पाहिली. कुणी हमाल काढलेला, कुणी वीटभट्टी. पण एकही माणूस हसत नव्हता, एकाच्याही केसांना तेल नव्हतं, हातात मोबाइल तर कुणाच्याच नाही. आपल्या गावात सरपणाची मोळी आणणारी बाईसुद्धा कमरेला मोबाइल खोचते. तुमच्या खरेपणात मेलं एक बटणसुद्धा धड नसतं.

मायच्या चित्रापुढे चुरगळलेली सुती साडी नेसलेली एक बाई डोळे पुसत होती. "कितना सच!" म्हणत होती. माय तिच्या शेजारीच जांभळ्या लुगड्यात उभी होती. बाईला चित्राचा फोटो घ्यायचा होता, तिनं मायला गोड आवाजात बाजूला व्हायला सांगितलं. तू तिथंच होतास. मला वाटलं, आता तरी म्हणशील, ही माझी आई. तू म्हणालास, "गाँव से आए हैं," आणि बाईंना पुढच्या चित्राकडे घेऊन गेलास. खरंय, माय ओळखू आली असती तर चित्र खोटं पडलं असतं. लाज वाटली मला तुझी. अजून वाटते.

परतीच्या गाडीत मी धुसफुसत होते आणि माय निवांत खारे दाणे खात होती. मलाच म्हणाली, "रंगाचं काम जुन्या कपड्यातच करतेत वं. भिंत रंगवताना आपन नवं नेसतो का? त्यानं आंधी हात बसोला. कच्चं काम इतकं मोठं, तं पक्कं केवढं असन!" तेव्हापासून गल्लीभर तेच सांगते. माझ्याकडे चोळ्या शिवून घ्यायला आलेल्या मेहरबीचाचीला धरून बसवते नि सांगते, दिल्लीत लावलंय ते कच्चं, पक्कं अजून व्हायचंय. मी एकदाही तिचं बोलणं खोडलं नाही. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

खरं तर तुला पुन्हा एक अक्षरही लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण मागच्या महिन्यात वाशीमच्या डॉक्टरांनी तिला अकोल्याला पाठवलं. पोटात गाठ आहे, आणि ती पसरलीय. फार दिवस नाहीत म्हणाले. "त्याले सांगू नको, त्याचं काम बुडन," असं तिनं मला बजावलंय. हल्ली रोज आंघोळ झाली की जांभळं लुगडं नेसते, केसांना तेल लावते आणि गुलाबी भिंतीला टेकून दाराकडे तोंड करून बसते. चोळी मी दोनदा आत घेतली, तरी ढिलीच होते. तुझ्याकडे काही मागायला माझी जीभ रेटत नाही, पण शब्द तूच दिला होतास, म्हणून सांगते, ये. ते लुगडं ती आपल्या हातानं नेसतेय तोवर ये. आम्ही तिला ते नेसवू, तेव्हा तुझे रंग घेऊन येऊ नकोस.

तुझीच, रागावलेली,
भागिरथाताई