कपड्यांच्या खोलीतला हंगामी प्रशिक्षक

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळचे १० वाजून ४० मिनिटे. मोज्यांच्या जोड्या लावणे मध्येच थांबवून लिहायला बसलो आहे (एक मोजा एकटाच उरला आहे, पण तो विषय वेगळा).

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खोलीत धुण्याची दोन यंत्रे आणि बुटांची मांडणी असल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगे टेकतात, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत.) तुमच्या गुडघ्याला आता कसे वाटते? सूज उतरली असली तरी गच्चीवर चढू नये. मामींना नमस्कार. आई बरी आहे आणि माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे सर्व नेहमीप्रमाणे आहे.

मामा, आधी मुख्य बातमी: मी सुटलो! कालपासून मी आमच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक राहिलेलो नाही. पूर्ववत कपडे विभागाचा प्रमुख झालो आहे (विभागात मी एकटाच आहे, त्यामुळे प्रमुखपदासाठी चुरस नाही). पेपरातल्या माझ्या फोटोचे कात्रण तुम्ही शेजारीपाजारी फिरवलेत असे आईकडून कळले. कृपया ते परत गोळा करावे. त्या फोटोत मी हात वर करून संघाला पुढे सरकायला सांगतो आहे असे खाली छापले आहे. मी पाण्याच्या बाटल्या परत मागत होतो.

हे सगळे कसे घडले ते क्रमाने लिहितो, कारण फोनवर मी घाबरून मधलेच आधी सांगतो. आमचे जुने प्रशिक्षक ओळीने पाच सामने हरले आणि गेले. ते स्वतः गेले की त्यांना घालवले यावर क्लबात दोन मते आहेत. त्यांचा ट्रॅकसूट खुर्चीवर ओलाच पडलेला मिळाला, त्यावरून घाईत गेले एवढे मी खात्रीने सांगू शकतो. त्यांचा सहायकही त्यांच्याच गाडीत बसून गेला. आता लीगचा नियम असा, की सामन्याच्या यादीवर परवानाधारक प्रशिक्षकाचे नाव नसेल तर गुण कापतात. नवा माणूस मिळेपर्यंत हंगामी म्हणून कुठलाही परवाना चालतो, पण तो चालू असावा लागतो. तेव्हा अध्यक्षांनी (ते मूळचे गाद्यांच्या कारखान्याचे मालक आहेत आणि कोणाशीही बोलताना तो कितपत दबेल हे पाहतात) कचेरीतल्या सगळ्या फायली उपसायला लावल्या. गोलरक्षकांना शिकवणाऱ्यांचा परवाना तीन वर्षांपूर्वीच संपला होता. डॉक्टरांकडे फक्त डॉक्टरकीचा होता. आणि चालू परवाना संपूर्ण क्लबात एकाच माणसाचा निघाला. माझा.

आठवत असेल, नववीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला दहा वर्षांखालील मुलांना फुटबॉल शिकवण्याच्या वर्गाला घातले होते. "कागद असलेला बरा," म्हणाला होतात, आणि प्रमाणपत्रावर स्वतः प्लॅस्टिक चढवून आणले होतेत. मी आजवर एकाही मुलाला काही शिकवलेले नाही. पण नूतनीकरणाची सूचना आली की अर्ज मुदतीच्या आत भरून पाठवतो, कारण मुदत टळली तर काय होते हे मला माहीत नाही आणि जे माहीत नाही त्याची मला फार भीती वाटते. मुदत पाळली तर काय होते हे आता कळले.

तुम्ही म्हणाल, भाच्याला बढती मिळाली, त्यात रडण्यासारखे काय? मामा, मैदानामागच्या ज्या दोन खोल्यांत आई आणि मी राहतो त्या क्लबच्या आहेत, आणि त्या कपडे विभागप्रमुखाला मिळतात, प्रशिक्षकाला नाही. हंगामी आहे तोवर ठीक. पण एकदा कायमचा प्रशिक्षक झालो की माझ्या जागी दुसरा माणूस, खोल्या त्याला. आणि प्रशिक्षक किती टिकतो? मी इथे लागल्यापासून माझ्या हातून सहा प्रशिक्षकांचे ट्रॅकसूट गेले, काहींचे तर नवेपणाची कांजीही न उतरता. कपड्यांच्या खोलीतून मात्र आजवर कोणालाच काढलेले नाही. माझ्या आधीचे काका निवृत्त झाले तेव्हा त्यांना हार घालायला अध्यक्षांची तिसरी पिढी होती. मी आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "कोच म्हणजे काठाला उभे राहून ओरडतात ते ना रे? तुला कुठे ओरडता येतं? रिक्षा निघून गेली तरी तू घसाच साफ करत असतोस." तरी तिने सामानाच्या पेट्या माळ्यावरून काढून ठेवल्या. तिच्या पेट्या दिसल्या की मला जेवण जात नाही.

पहिल्या सामन्याआधी कप्तान मला म्हणाला, "सर, दोन शब्द बोला." (सर! आदल्या दिवसापर्यंत हाच मला 'ए साबण' म्हणत होता.) अठरा जण माझ्याकडे बघत होते. मला खेळातले काही सुचेना, म्हणून मला ज्याची काळजी होती तेच बोललो. रात्रभर मैदानावर पाणी सोडलेले होते आणि आमचा पाहुण्या संघाविरुद्धचा शर्ट पांढरा आहे. म्हटले, कृपा करून कोणी लोळण घेऊन चेंडू काढू नका, चिखल निघत नाही, दोनदा धुवावे लागते. उभ्यानेच काय ते करा. एवढे बोलून मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो. तर मामा, ही मंडळी खरोखर उभी राहिली! समोरचे घसरत, पडत होते, आमचे आपापल्या जागी उभे. आम्ही एक गोलने जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'पायांवर उभे राहण्याचे नवे तंत्र' असा मथळा. शर्ट मात्र खरोखरच एका धुण्यात निघाले, तेवढाच मला आनंद.

दुसऱ्या सामन्याला मी ठरवले की काहीच बोलायचे नाही. बोललो नाही. पण वाळवणीचा तक्ता खेळाडूंच्या खोलीतल्या फळ्यावर लावलेला राहिला. कुठल्या खुंटीला कोणता ओला शर्ट हे मी त्यावर काढून ठेवतो, जाड कापडाचे खिडकीकडे, पातळ आतल्या बाजूला. त्यात आकड्यांची मांडणी असते. खेळाडूंना वाटले आज संघ असा उभा करायचा आहे. डावीकडचा बचावपटू खिडकीजवळच्या खुंटीवर होता (तो घामाघूम फार होतो), म्हणून तो बिचारा सबंध सामनाभर समोरच्यांच्या गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. त्याने आयुष्यातले पहिले दोन गोल केले आणि मला मिठी मारून रडला. मला सांगवेना. तुम्हीही कोणाला सांगू नये.

या दोन विजयांनी घात केला. नव्या प्रशिक्षकाचा शोध जोरात चालला होता तो एकदम थंडावला. अध्यक्ष कपड्यांच्या खोलीत आले, धुण्याच्या टोपलीवर बसले, मला आपादमस्तक दाबून पाहिल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, "शोधायचं कशाला? घरचाच मुलगा आहे. पगारही तोच चालेल ना?" मी घसा साफ केला. त्यांनी तो होकार समजला. महिनाअखेरीस कायमच्या नेमणुकीचे पत्र काढतो म्हणाले.

मामा, त्या दुपारी मी एक वाईट गोष्ट केली. प्रमाणपत्र विजारीच्या खिशात चुकून राहिले असे भासवून यंत्रात टाकले, साठ अंशांवर, जास्त मळक्या कपड्यांसाठी असते ते. पण तुम्ही चढवलेले प्लॅस्टिक! ते जसेच्या तसे बाहेर आले. उलट कोपऱ्यावरचा जुना चहाचा डाग गेला आणि माझे नाव पूर्वीपेक्षा स्वच्छ वाचता येऊ लागले.

मग लक्षात आले की प्रशिक्षक शोधण्याची खरी गरज या क्लबात आता एकट्या मलाच आहे. कचेरीतल्या कारकुनाकडून मी अर्जांची थप्पी मागून घेतली आणि स्वतः फोन लावू लागलो. पहिले गृहस्थ आराखडा घेऊन आले. जाडजूड, रंगीत आकृत्यांचा. गवत किती उंच असावे इथपासून खेळाडूंनी कोणत्या कुशीवर झोपावे इथपर्यंत त्यात सर्व होते. झोपेच्या पानावर अध्यक्ष खुलले (गाद्यांचा विषय), पण शेवटच्या पानावर पगार होता. तो वाचून त्यांनी आराखडा बंद केला आणि पंखा वाढवायला सांगितले. दुसरे जुने नामवंत खेळाडू. त्यांनी आल्याबरोबर न मागता सगळ्यांना सह्या दिल्या, माझ्या हातातल्या टॉवेलवरही दिली (ती निघाली नाही), आणि कॅमेरा कोणत्या बाजूला असतो हे विचारून घेतले. खेळाविषयी विचारले तर म्हणाले, "मी खेळत होतो तेव्हा..." आणि ते जेवणाच्या वेळेपर्यंत खेळतच होते. अध्यक्ष मला बाहेर नेऊन म्हणाले, "बघ, तुझ्याइतकं शांत कोणीच नाही."

तिसऱ्या होत्या एक बाई. अर्जात फक्त एक पान. महिलांच्या संघाला दोनदा वरच्या गटात चढवलेले, सगळ्यात वरच्या दर्जाचा परवाना, आणि शेवटी एक ओळ: 'मला उगाच बोलावू नये.' मी त्यांना फोन केला तर त्यांनी विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हटले, "सध्याचा प्रशिक्षक." "मग मला कशाला बोलावताय?" म्हटले, "मला जायचं आहे." "कुठे?" "खाली. कपड्यांच्या खोलीत." मग म्हणाल्या, "बुधवारी येते. हे मला बघायचंच आहे."

मुलाखतीत (खेळाडूंतर्फे कप्तानही येऊन उभा होता) अध्यक्ष खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण पोरं ऐकतील का तुमचं?" बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकतात का?" कप्तान खिडकीबाहेर बघायला लागला. अध्यक्ष म्हणाले, "दोन सामने जिंकलेला माणूस आहे माझ्याकडे." बाईंनी माझ्याकडे वळून सरळ विचारले, "कसे जिंकलास रे?" मामा, इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलेच नव्हते. मी चिखलाचे सांगितले. खुंट्यांचे सांगितले. अध्यक्षांचे तोंड उघडे राहिले, कप्तान खाली बसला, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. मग डोळे पुसून म्हणाल्या, "साहेब, याचं नशीब संपायच्या आत मला घ्या." अध्यक्षांनी पगारात थोडी घासाघीस केली. बाईंनी दोन परवानाधारक सहायक मागितले, त्यावर 'पुढच्या वर्षी बघू' झाले. काल सही झाली. बाईंनी जाता जाता मला सांगितले, "तू खोलीतच राहायचंस. तक्ता मात्र फळ्यावर लावायचा नाही." आईने पेट्या परत माळ्यावर चढवल्या आणि आता त्या खाली काढल्याचे खापर माझ्यावर फोडते आहे.

काल रात्री मी पोटभर जेवलो. आज सकाळी कप्तान मला परत 'ए साबण' म्हणाला तेव्हा, मामा, खरे सांगतो, कानांना फार बरे वाटले.

गुडघा जपावा.

तुमचा भाचा

ता. क. (शनिवार, दुपार.) पत्र टाकायचे राहिले. पाकीट मिळाले, तिकीट नव्हते. एकटा उरलेला मोजा माझाच निघाला.

ता. क. २ (रविवार, संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटे, उभ्यानेच लिहीत आहे.) आज बाईंचा पहिला सामना. आम्ही तीन-शून्याने जिंकलो. मी काठावर उभा राहून घड्या घालत होतो, इतका निश्चिंत. शेवटच्या पाच मिनिटांत पंचांनी आमच्या विरुद्ध फाउल दिला आणि बाई त्यांना म्हणाल्या, "तुमचा शर्ट तेवढा बदला, आतला माणूस आधीच समोरच्यांचा झालेला दिसतोय." पंचांनी लाल कार्ड काढले. बाहेर जाताना बाई आणखीही काही म्हणाल्या, ते मी इथे लिहीत नाही. लीगच्या नियमाने त्यांना तीन सामने बंदी. बंदी असलेल्या प्रशिक्षकाचे नाव यादीवर चालत नाही. सहायक पुढच्या वर्षी. चालू परवाना क्लबात एकच. अध्यक्ष जिन्यावरून खाली येताना ऐकू येत आहेत. आईने माळ्याकडे बघायला सुरुवात केली आहे.

ता. क. ३. मामा, या पत्राला आता खरे कारण मिळाले, ते लिहितो. खोटे बोलायला सांगणे मला फोनवर जमत नाही, कागदावर जमते. सोमवार, २४ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता मला फोन करावा. पुढच्या सामन्याची यादी त्या दिवशी भरायची असल्यामुळे अध्यक्ष तेव्हा समोर असतील, मी स्पीकर लावीन. मामी आजारी आहेत, ताबडतोब निघून ये, एवढेच म्हणावे. आजार साधाच असावा, काळजीचा नको, पण तीन सामने पुरेल असा असावा. मामींना त्या वेळी बाजारात पाठवावे.

हिशोब: पाकीट व तिकीट १२. तुमच्याकडे येण्याचे गाडीभाडे ४१०, एकेरीच (तिकीट आजच काढून ठेवले, परत होत नाही). मामींसाठी फळे, आल्यावर घेईन, अंदाजे ६०. एकूण खर्च ४८२. येणे काही नाही. देणे: मामींची एक क्षमा, ती समक्ष मागेन.