सात नंबरचा दगड

१४ नोव्हेंबर २००६

हैदराबादहून दगडांच्या तपासणीचा अहवाल आला. ढाणकीच्या पुढे पैनगंगेच्या पात्रात ग्रॅनाइट चिरत जाणारी काळी भिंत — आमची डाइक. बारापैकी अकरा नमुन्यांत टायटॅनियम कमी — जुन्या खडकाची खूण. म्हणजे अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी खंड ताणला गेला, भेग पडली, खालचा शिलारस तीत शिरून थिजला — आमचा अंदाज टिकला! आनंद व्हायला हवा होता.

सात नंबरात मात्र टायटॅनियम तिप्पट. हा तर वरच्या पठारावरचा लाव्हा. त्यामानाने कालचा — साडेसहा कोटी वर्षांचा.

सगळे नमुने मधूने फोडले. मी नुसती लेबलं लिहिली.

१५ नोव्हेंबर

वीस वर्षं भूशास्त्र शिकवणारा माणूस नदीत वाहून आलेला गोटा उचलेल? पण उन्हाळ्यापासून मधू स्वतःचा वर्ग विसरतो. नमुने जानेवारीतले. म्हणजे हे विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं? बायको असून, शेजारी उभी असून मला दिसलं नाही?

प्राचार्य म्हणाले, "सरांना आता घरीच बसवा, मॅडम. तुमचं ऐकतील." मधूच्या निवृत्तीचा अर्ज माझ्या पर्समध्ये आहे.

१७ नोव्हेंबर

सात नंबर गाळला की आलेख स्वच्छ होतो. चूक आहे म्हणून गाळायचा, की मधूची आहे म्हणून ठेवायचा?

भाजी जळली. मधूने सांगितलं तेव्हा कळलं.

१९ नोव्हेंबर

एकटीच गेले. ढाणकीहून जमीरभाईंची जीप. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग, बैल सोडलेले. जमीरभाई म्हणाले, "इथं कापसाले कोणी विचारून नाही राह्यलं, अन् तुम्ही गोट्यासाठी जीप करता! काय भाव आहे मॅडम गोट्याले?"

मधूच्या हातोड्याची खाच सापडली. सात नंबरचा उरलेला तुकडा लावून पाहिला — चपखल बसला.

खाच भिंतीच्या ऐन मध्यावर, हातभर रुंद वेगळ्या पट्ट्यात. पट्ट्याच्या दोन्ही कडांना दाणे अगदी बारीक — गरम रस थंड दगडाला टेकून झटकन थिजलेला. म्हणजे तीच जुनी भेग लाव्हाच्या काळात पुन्हा उघडली!

मधू चुकला नव्हता.

२० नोव्हेंबर

मधूला सांगितलं. तो चहा गाळत होता. वर न बघता म्हणाला, "तिथंच सांगितलं होतं तुला मंजू, मधला पट्टा नंतरचा आहे म्हणून. दोनदा सांगितलं. तू 'हो हो' म्हणालीस."

मला आठवत नाही.