लेकीच्या गालाचा गुलाबी

सोमवार
अगं धाकटे, विसरलीस ना? मी लेकीकडे कायमची राहायला आले आणि सुखरूप पोचले का, एवढं तरी विचारायचंस! कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारी तू. तुला बहीण कुठली आठवणार? तर पोचले. घर छोटं पण नीटनेटकं आहे. लेकीने आल्या आल्या आमच्या दोघींचा फोटो काढला. मागे खिडकीतली कुंडी, निळा पडदा, सगळं आलं. रंगाच्या दुकानात दिवसभर डबे ढवळते, तरी पोरीचे गाल कसे टवटवीत! तिच्या संगणकात मी बोलेन ते लिहून घेणारं सॉफ्टवेअर आहे. माझी रोजनिशी आता तुला रोज पोचणार. सुटका नाही तुझी.

मंगळवार
बटणांवर अक्षरं आहेत, पण मला वाचता कुठे येतं, ती माझ्या काय कामाची? लेक म्हणाली, आई, तू रंगांवरून ओळख. फोटोवर नळीसारखी खूण टेकवली की तिथला रंग उचलला जातो. तो बटणाला द्यायचा. लिहायच्या बटणाला कुंडीतला हिरवा दिला, थांबायच्या बटणाला पडद्याचा निळा. तुला पाठवायच्या बटणाला लेकीच्या गालाचा गुलाबी. ती हसून म्हणाली, मावशीला माझा गालगुच्चाच पाठवतेस की! बाकीची बटणं राखाडीच राहिली. त्यातलं एक म्हणे सगळं पूर्ववत करायचं. तिने दाखवलंही, पण माझा डोळा लागला होता. या वयात नवं शिकायचं म्हणजे अंग मोडून येतं बाई.

गुरुवार
कुंडीतली पानं राखेच्या रंगाची झालीत. वाळली नाहीत, चांगली भरदार आहेत. नुसता रंग गेलाय. पडदाही पांढराफटक. कशात भिजवलास म्हणून लेकीने मलाच धरलं. मी हातसुद्धा लावला नव्हता. पण खापर फोडायला घरात तिसरं माणूस नाही, म्हणून ऐकून घेतलं.

शुक्रवार
लेकीच्या गालावर बोटाएवढा पांढरा डाग. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या. मी मात्र काल तुझं बटण दाबलं तेव्हा ते जास्तच गुलाबी झालेलं पाहिलं. म्हातारीचे डोळे, दुसरं काय— असं स्वतःला सांगतेय.

शनिवार
काल तुझं बटण दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे ओठ पांढरे—
सगळं सांगितलं तिला. हसली नाही. पूर्ववतचं बटण शोधायला बसली. पण तिच्या डोळ्यांतलं काळंही उतरलंय. म्हणते, आई, मला अक्षरं दिसतच नाहीत, सगळं पांढरं दिसतंय. राखाडी बटणं सगळी सारखी. मी अंदाजाने एक दाबलं. संगणकाने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं—
तिचे केस. माझ्यापेक्षा म्हातारी दिसते पोर.

रविवार
दमले गं. तुझ्या बटणाला आता माझ्या हाताचा रंग दिलाय. फोटोत तिच्या खांद्यावर होता, तोच. बोटं पांढरी पडली. पडू देत. तिचा रंग परत नाही आला—
तू शाळा शिकलेली. ये, ती बटणं वाच. निघायला उशीर होणार असेल तर आधी बीट पाठव, डाळिंबं पाठव, लाल असेल ते— दूध नको पाठवूस. आत्ता दुधाचा पेला तिच्या ओठांना लावला, तर पेला कुठे संपतो आणि लेक कुठे—