मागच्या डाव्या चाकाचा आवाज

दि. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडची फोनची लाइन फारच खराब झाली आहे. परवा फॅक्टरीच्या गेटवरून बोललो, पण नुसती खरखर. म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक. पत्रा ठोकायच्या प्रेसवर माझी सकाळची पाळी चालू आहे.

बातमी अशी, की मी गाडी खाली बसवून घेतली. बोंब मारू नकोस, आधी वाच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई घराबाहेर पडलेली नाही, हे तुला माहीत आहे. आपली गाडी उंच, तिचा पाय तेवढा उचलत नाही आणि मी उचलायला गेलो की म्हणते, मी काय पोतं आहे का! आता आखूड स्प्रिंगा टाकल्यावर गाडी चार बोटं खाली आली. काल आई आपली आपण आत जाऊन बसली, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाली, बघत काय राहिलायस, चल की. ताई, मला समोरचा रस्ता नीट दिसेना.

अडचण एकच. जुनी चाकं आता थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखी बारकी दिसतात. सोळा इंची रुंद रिम आणि त्यावर दोनशे पाचचा टायर मनात भरलाय. घरची बहीण चाकांच्या दुकानात बसत असताना परक्याला कशाला विचारू? कुठलं माप घेऊ ते कळव. दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला आणि मग आईचं वाचून तोच हात डोळ्यांना लावला. तुझे दाजी विचारत होते, हे नेमकं हसू आहे की रडू.

सोळाचा नाद सोड. तुझ्या गाडीचं मूळ माप १७५/६५, रिम चौदा इंची. गाडी खाली बसवली म्हणजे खड्ड्यात चाकाला वर जायला जागा कमी उरली. त्यात टायर एवढा रुंद केलास तर तो जाईल कुठे? बाहेर मडगार्डला लागेल, नाहीतर आत पत्र्याला. तू १८५/५५ घे, पंधरा इंची रिमवर. टायर किंचित रुंद, त्याची भिंत जरा बुटकी, पण चाकाची एकूण उंची जवळजवळ पहिलीच राहते. दिसतंही झकास. रिम मूळच्या रिमइतकीच आत बसणारी माग. टायरवर भाराचा आकडा असतो, तो जुन्याहून कमी नको.

आणि माप रिकाम्या गाडीत घ्यायचं नाही. मागची सीट पूर्ण भर, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला वळव, आणि प्रत्येक चाकाला बाहेरून नि आतूनही हात घालून बघ. दुकानात येणाऱ्या पोरांना मी हेच सांगते. ती हो हो म्हणतात आणि शेजारच्या दुकानातून सोळा घेऊन जातात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आईला माझा नमस्कार सांग, औषधं वेळेवर दे.

तुझी,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बैल रिकामाच म्हण, पण सोळाच घेतली. समोर दिसली आणि मन काही मागे फिरेना. तुझं ऐकलं नाही असं मात्र नाही हं. आईला मागे बसवूनच माप घेतलं. टायर आणि मडगार्डच्या मधून बोट आरामात फिरतं. गाडी रोज चालवतो, कसला आवाज नाही की काही नाही.

आईचं तर विचारूच नकोस. तिने दोन मैत्रिणी गोळा केल्यात. एक मास्तरीणबाई आणि दुसऱ्या शिंपीणकाकू. दोघींचे गुडघे आईच्याच जातीचे आणि दोघीही अंगाने भरलेल्या. मी पाळीवरून आलो की तिघी मागच्या सीटवर तयार! कधी तळ्यावर, कधी पुलापलीकडे. आई परवा चक्क दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

१७ मार्चच्या रविवारी तिघींना घेऊन घाट उतरून तुझ्याकडे येतो. चाकं बघून तूच म्हणशील, शाबास. जेवायला चौघं आहोत. लोभ आहे तो रविवारपर्यंत राखून ठेव.

तुझा,
धाकटा

दि. ११ मार्च

चि. सौ. लेकीस,
पुष्कळ आशीर्वाद.

हे पत्र मास्तरीणबाईंच्या हातून पेटीत टाकते आहे. धाकट्याला माहीत नाही.

गाडी उजवीकडे वळली की माझ्या खालच्या, मागच्या डाव्या चाकातून कर्रर्र असा आवाज येतो. आधी एखाद्या वेळी यायचा, आता दर वळणाला येतो. आम्हा तिघींना ऐकू येतो. धाकट्याला येत नाही. त्याचे कान त्या मेल्या प्रेसने खाल्ले. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. मागे मी कान दाखवून ये म्हटलं तर भरल्या ताटावरून उठला. आता आवाज येतो म्हटलं तर तो विचारणार, मग मला कसा नाही येत? त्यावर मी काय सांगू, बाई?

खोटं कशाला बोलू, मला दुसरीही भीती आहे. गाडी बंद झाली तर मी पुन्हा त्या खिडकीशी. वर्षभर समोरची भिंत बघितली, आता नाही बघवत. म्हणून तिघींनी तोंडाला कुलूप लावलंय. वळण आलं की शिंपीणकाकू माझा हात घट्ट धरतात, एवढंच.

रविवारी येतोच आहोत. घाटातली सगळीच वळणं काही उजवीकडची नसतील. आलो की तूच काहीतरी निमित्त काढून चाकं बदलून दे. तोवर त्याला एका अक्षराने कळवशील तर तुला माझी शपथ आहे. जावयांना आशीर्वाद. जीवाला जप.

तुझी,
आई

दि. १५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. रविवारी गाडी काढू नकोस.

आईने शपथ घातली होती, ती मोडते आहे. शपथ मोडून आई मरणार नाही, टायर फुटून मरेल. मागचं डावं चाक उजव्या वळणावर घासतंय. मागे बसणाऱ्या तिघींना ते ऐकू येतं. तुला येत नाही. लिहिलं एकदाचं.

बोट बाहेरून फिरवलंस, आतून हात घातलास का? आणि माप घेताना एकटी आई होती, आता तिघी बसतात. गाडी जॅकवर घे, चाक काढ आणि आतली कड बघ.

आईचं पत्र आजच हातात पडलं. गेटवर दोनदा फोन केला. वॉचमन निरोप देतो म्हणाला, पण त्याने काय सांगितलं आणि तुझ्यापर्यंत काय पोचलं, देव जाणे. मी स्वतःच निघाले असते, पण तुझे दाजी तापाने फणफणलेत. तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देते आहे. हातात देईन म्हणालाय. माझा जीव टांगणीला लागलाय.

ताई

दि. १७ मार्च, रविवार

ती. सौ. ताईस,
न. वि. वि.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. चाक काढलं. टायरच्या आतल्या कडेचं रबर गोल खरवडून गेलंय आणि आतले दोरे उघडे पडलेत. मेकॅनिक म्हणाला, घाट पुरा झाला नसता. हे लिहितोय तेव्हा आम्ही घाटात असायचो.

मी आईला नको नको ते बोललो. तिघी ऐकत होत्या आणि तिघी गप्प बसल्या! मी काय ठार बहिरा आहे, असं इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे दारात आले. आई काहीतरी म्हणाली, पण ती पाठ फिरवून बोलत होती. मग खोलीत गेली. जेवली नाही.

मेकॅनिककडून जुन्या स्प्रिंगा परत टाकून घेतो आणि विषय संपवतो. घरीच बसलेली बरी, निदान जिवंत राहील. तू कळवलंस हे उपकार झाले. आणखी काय लिहू?

धाकटा

दि. २१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

खबरदार स्प्रिंगांना हात लावशील तर! पुन्हा गाडी उंच करून आईला कोंडणार आहेस का? चूक स्प्रिंगांची नाही, चाकांची आहे, आणि चाकं तू निवडलीस. १८५/५५ चा पंधरा इंची सेट बसच्या टपावरून पाठवते आहे. तोवर जुनी चौदाचीच घाल.

आता दुसरं, आणि हे वाचून ताटावरून उठायचं नाही. त्या तिघींवर ओरडलास, पण तुला सांगायचं कुणी आणि कसं? कान हा शब्द काढला की तू चार दिवस अबोला धरतोस. आईला फुटणाऱ्या टायरपेक्षा तुझ्या रागाची धास्ती जास्त वाटली, हे तुला कळतंय का रे? आमची फोनची लाइन चांगली आहे. कधीच खराब नव्हती. मीही इतकी वर्षं हो हो म्हणत आले. तुझी नोकरी प्रेसवरची, कान गेले म्हटल्यावर ती राहील का, ही भीती मला कळते. पण मागे आई बसलेली असते.

डॉक्टरकडे जा. माझ्या मायेची शंका येत असेल तर हे पत्र परत वाच.

तुझी,
ताई

दि. ५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी फाडणार होतो. फाडलं नाही.

चाकं पोचली आणि बसली. मेकॅनिकच्या आवारात तिघींना मागे बसवून माप घ्यायचं ठरलं, तर शिंपीणकाकू आपली टेप घेऊन हजर! मेकॅनिकने चाकाच्या आत हात घातला की त्या खिडकीतून बजावायच्या, जरा सैल ठेवा, पुढे अंग सुटतं. गॅरेजची पोरं हसून लोळायची बाकी होती. आतून बाहेरून भरपूर जागा आहे.

कान दाखवले. डावा जवळजवळ गेलाय, उजवा निम्मा. यंत्र लावायला सांगितलंय. प्रेसवरून उठा असंही डॉक्टर म्हणाले. साहेबांना अजून बोललो नाही. झोप लागत नाही, ताई. काय होईल ते होईल, पण बोलणार आहे.

काल आईला एकटीलाच घेऊन निघालो. त्या भांडणापासून आमचं कामापुरतंच बोलणं होतं. चौकात उजवीकडे वळलो आणि तिला विचारलं, काही आवाज येतोय का. ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. अशा वेळी मी हं म्हणून पुढे जातो, घरात, फॅक्टरीत, सगळीकडे. काल गाडी कडेला घेतली, मागे वळलो आणि म्हणालो, आई, मला ऐकू आलं नाही, परत सांग.

डोळे भरले तिचे. मग पुढे वाकून माझ्या उजव्या कानाशी आली आणि म्हणाली, नाही रे बाळा, काही आवाज नाही, चल.

रविवारी आम्ही चौघं येतो. तुझा लोभ असाच खडसावणारा राहो.

तुझा,
धाकटा