दोनशे बारा मीटरवरची रेघ

७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०
आजपासून रोजनिशी. मोठे इन्व्हेस्टर रोज लिहितात असं वाचलं. आपल्या चुका कळाव्यात म्हणून लिहितात म्हणे. माझं तसं नाही. पण पुढेमागे कोणी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं, तर लिहिलेलं असावं.
कंपनीचं नाव लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडली तर लोक धावत सुटतील. नुसतं 'तांबेवाली' म्हणू. डोंगरात खोल भोकं पाडून तांबं शोधते. अजून सापडलेलं नाही, म्हणून शेअर स्वस्त. सहा रुपये चाळीस पैशांनी अठ्ठावीस हजार शेअर घेतलेत. भोकातून निघालेल्या दगडाचे तुकडे लॅबमध्ये गेलेत. निकाल महिन्याभरात.
संकल्प : भाव दिवसातून दोनदाच पाहायचा. सकाळी एकदा, बंद होताना एकदा.

८ फेब्रुवारी, मंगळवार
अकरा वेळा पाहिला. पैकी सहा वेळा किती वाजले ते बघायला फोन काढला होता, ते धरायचे नाहीत. भाव सात दहा.

९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी जेवणाच्या सुट्टीत
इतरांपेक्षा मी पुढे का, ते आज नीट नोंदवून ठेवतो.
सव्वीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढतोय. करड्यातला करडा ओळखणं हे माझं काम. केसाएवढी चीर डॉक्टरांच्या आधी मला दिसते. पण रिपोर्टवर सही डॉक्टरांची. पेशंटने विचारलं तर मी सांगायचं नाही.
तांबेवालीने खोक्यांचे फोटो वेबसाइटवर टाकलेत. दगडाच्या लांब कांड्या ओळीने मांडलेल्या. चौदा नंबरचं खोकं, दोनशे बारा मीटर खोली. तिथे एक तिरकी उजळ रेघ आहे. बाकीच्यांना दगड दिसेल. मला तांब्याची रेघ दिसली.
फोटो मोठा करून कामाच्या स्क्रीनवर लावला होता. डॉक्टर आत आले आणि विचारू लागले, ही मांडी कोणाची. मी म्हटलं, दगड आहे. ते म्हणाले, बाहेर तीन फ्रॅक्चर थांबलेत.

११ फेब्रुवारी, शुक्रवार
नऊ. नऊ रुपये नव्हे, नऊ हा आकडाच सुंदर दिसतो.
संध्याकाळी सिस्टर आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्य नर्स. एकतीस मार्चला रिटायर होतात. लग्न केलं नाही, तीस वर्षं नर्सेस क्वार्टरमध्ये काढली. आता क्वार्टर सोडायचं, म्हणून स्वतःची एक खोली बघून ठेवली आहे. बँकेत ठेव आहे, पण खोलीला थोडे कमी पडतात. म्हणाल्या, भाऊ, फाटकाजवळचा केमिस्ट सांगत होता तुमचं काहीतरी चाललंय.
मी त्यांना रेघ दाखवली. त्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही, पण तुमची नजर मी पाहिली आहे. त्या मुलीच्या घोट्यातली चीर तुम्हीच दाखवली होती, नाहीतर तिला घरी पाठवणार होते.
सव्वीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं.
मी सल्ला दिला नाही. फक्त म्हटलं की तुमच्या जागी मी असतो तर थांबलो नसतो.

१३ फेब्रुवारी, रविवार
बाजार बंद. रविवार कशाला ठेवतात कळत नाही.
ही विचारत होती, प्लंबर कधी येणार. वरच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात गळतं. ओट्यावर पातेलं ठेवलंय. मी म्हटलं, महिनाभर दम धर, मग प्लंबर कशाला, घरच बदलू. ही म्हणाली, अहो, त्या दगडाला तुम्ही कधी हात लावलाय का?
हिला तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण आहे.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
भाव अकरा वीस. फाटकाजवळच्या मेडिकल स्टोअरचा केमिस्ट, ज्याने मला हा शेअर पहिल्यांदा सांगितला, त्याने आज सगळे विकून टाकले. औषधांसाठी मोठा फ्रिज घेतोय. मला म्हणाला, साहेब, निम्मे तरी काढा. कीव आली. माणसाने फ्रिजएवढंच स्वप्न बघावं?
सिस्टरनी ठेव मोडून आज घेतले. दहा ऐंशीने. वॉर्डात फोन जवळ ठेवता येत नाही, खाली लॉकरमध्ये असतो. म्हणून त्यांनी मला वॉर्डचा इंटरकॉम नंबर लिहून दिला. विकायची वेळ आली की तीनशे चारला एक रिंग द्या, मी खाली येऊन विकते. कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला.
मी म्हटलं, निर्धास्त राहा.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
मागच्या आठवड्यात कंपनीला ईमेल केला होता. चौदा नंबरच्या खोक्यातल्या रेघेबद्दल सविस्तर, तीन पानी. आज उत्तर आलं. दोन ओळी. ती रेघ दगडात नाही, फोटो काढताना दिव्याचा उजेड ओल्या दगडावर पडला आहे. आपल्या आस्थेबद्दल आभार.
तासभर अस्वस्थ होतो. मग लक्षात आलं. एवढं मोठं काही सापडलं असेल तर कंपनी ईमेलवर कबूल करेल का? लपवतायत. म्हणजे साठा मोठाच आहे.
सिस्टरना हे सांगायची गरज नाही. उगाच गोंधळतील.

२७ फेब्रुवारी, रविवार
निकाल या आठवड्यात. रात्री तीनला उठून खोक्यांचे फोटो परत पाहिले. हिने विचारलं, ॲसिडिटी का? म्हटलं, हो.

१ मार्च, मंगळवार. सकाळी ९.५०
निकाल आला. तांबं 'नगण्य'. हा शब्द मी तीन वेळा वाचला. इतर कोणत्या धातूचा उल्लेखही नाही.
बाजार उघडताच दहा टक्के खाली आणि कुलूप. याला सर्किट म्हणतात. एका दिवसात याहून खाली जाऊ देत नाहीत. पण त्या भावाला घेणारा कोणी नसतो, म्हणून विकताही येत नाही. नुसतं रांगेत उभं राहायचं.
भाव ९.५४.

१ मार्च. दुपारी ४
शांतपणे विचार केला. हा निकाल पहिल्या पाच भोकांचा आहे. एकूण भोकं नऊ. अजून चार आहेत.
सिस्टर जिन्यात भेटल्या. भाऊ, काही काळजीचं? मी म्हटलं, छे, बाजाराची सवयच आहे. आणि घाईने जिना उतरलो. खाली पेशंट थांबले होते.

३ मार्च, गुरुवार
७.७३. तिसरं सर्किट. स्क्रीनवर विकणारे दिसतात तीन लाख, घेणारा एक. तो मी.
बारा हजार आणखी घेतले. याला ॲव्हरेज करणं म्हणतात. खरेदीची सरासरी खाली येते, नफ्यात यायला सोपं पडतं. पैसे प्लंबरचे आणि गळतीच्या सगळ्या दुरुस्तीचे. पण गळती एवढी वर्षं आहे, आणखी महिनाभर राहिली तर काय बिघडलं.
आता माझ्याकडे चाळीस हजार शेअर. भरभक्कम आकडा.

७ मार्च, सोमवार
६.२६. शनिवारी-रविवारी मी बरा होतो.
आज एका आजोबांचा डावा हात सांगितला होता, मी उजव्याचा फोटो काढला. ते म्हणाले, काढा हो, तोही दुखतोच. माझी सव्वीस वर्षांतली ही पहिली चूक. तीही त्यांनी नीट सांगितलं नाही म्हणून.

८ मार्च, मंगळवार
५.६३. सिस्टर रोज ड्युटी संपली की दाराशी येतात. आत येत नाहीत. फोटो चालू असल्याचा लाल दिवा लागलेला असला की बाहेर थांबतात. आज आत कोणी पेशंट नव्हता, तरी मी दिवा लावून ठेवला होता. दहा मिनिटांनी गेल्या.
मशीन तपासत होतो.

९ मार्च, बुधवार
५.०७. संकल्प : आजपासून कोणालाही टाळायचं नाही. कुलूप उघडलं की आधी सिस्टरना रिंग, मग माझं बघायचं. हे ठरलं. कॅप्टन असाच वागतो.

१० मार्च, गुरुवार. दुपारी १२
घाईत लिहितोय, अक्षर समजून घ्यावं.
अकरा वीसला कुलूप उघडलं. ४.५६ला घेणारे आले. कुठून आले, का आले, कळलं नाही. टेबलावर इंटरकॉम, काचेखाली तीनशे चार. मी इंटरकॉमकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग वाटलं, त्या खाली येईपर्यंत बंद झालं तर? दोघांचंही जाईल. आधी सिस्टिम चालते की नाही ते बघायला म्हणून माझे विकायला टाकले. ऑर्डर पूर्ण झाली, हिरवी खूण आली. मग इंटरकॉमकडे हात नेला, तोवर अकरा एकतीस झाले आणि परत कुलूप.
घेणारे संपले यात माझा दोष नाही.
ॲप लगेच डिलीट करून टाकलं. मन शांत राहावं म्हणून. आता भाव बघायची गरजच उरली नाही.

११ मार्च, शुक्रवार
कारणं लिहून ठेवतो. मी संसारी माणूस, सिस्टर एकट्या. मी आधी घेतले होते, रांगेत मी पुढे. त्यांनी स्वतःच्या मर्जीने घेतले, मी फक्त 'मी असतो तर' म्हटलं होतं.
कारणं बरोबर आहेत. जेवण मात्र गेलं नाही.

१३ मार्च, रविवार
ठरलं. पैसे आले की त्यातला चौथा हिस्सा सिस्टरना द्यायचा. गुपचूप, पाकिटात घालून. संध्याकाळी परत विचार केला, चौथा जरा जास्त होतो. निरोप-समारंभात एक चांगलं घड्याळ द्यावं. नर्सला सेकंदाचा काटा असलेलं लागतं.

१५ मार्च, मंगळवार
बँकेत पैसे आलेले नाहीत. म्हणजे आलेत, अठराशे आणि काहीतरी. बाकीचे मागून येत असतील. मोठी रक्कम टप्प्याटप्प्याने येते बहुतेक.

१६ मार्च, बुधवार
हाफ डे टाकून शेअर ब्रोकरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीला जरा कडक आवाजात सांगितलं की चाळीस हजार शेअर विकले आणि पैसे दडपून ठेवलेत. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाली, काका, तुम्ही चारशे विकलेत.
मी चष्मा पुसला. चारशेच. घाईत दोन शून्यं टाकायची राहिली. एकोणचाळीस हजार सहाशे शेअर माझ्याच नावावर, जिथल्या तिथे. भाव आता तीनच्या खाली.
मुलीने पाणी दिलं.
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. चारशे ऐकून ही हसली. कित्येक दिवसांनी हसली, ओट्याला टेकून. मग हसू थांबलं. म्हणाली, सिस्टरना रिंग नाही दिलीत? मी म्हटलं, अकराच मिनिटं होती. ही पातेलं रिकामं करायला उठली. परत आल्यावर म्हणाली, माझ्याजवळ रडून उपयोग नाही. त्यांना सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत.

१७ मार्च, गुरुवार
दुपारी अडीचला सिस्टर आल्या. लाल दिवा बंद होता. आत येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, रिटायर झाल्यावर वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर राहायला सांगितलंय हॉस्पिटलने. तेवढं वर्ष क्वार्टर राहील. मग बघू.
मी म्हटलं, बरं.
मग म्हणाल्या, तो केमिस्ट काहीही बोलतो. म्हणतो, गेल्या गुरुवारी थोडा वेळ विक्री चालू होती. मी त्याला सांगितलं, असं झालं असतं तर एक्स-रेवाल्या भाऊंनी मला रिंग दिली असती. त्यांचेही अजून आहेतच ना. आहेत ना, भाऊ?
आहेत. एवढंच म्हटलं, आणि ते खरंही होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर भागलं असतं. त्यांचा चेहरा मोकळा झालेलाही दिसला. म्हणाल्या, मग तुम्ही ठेवलेत तर मीही ठेवते.
मी त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि दार लावलं. फोटोतल्या दिव्याच्या उजेडापासून सुरुवात केली. कंपनीचा ईमेल, तो लपवला ते, गुरुवारचं कुलूप, इंटरकॉम, हिरवी खूण, चारशे. सगळं सांगितलं. मध्ये एकदा 'सिस्टिम चालते की नाही ते बघायला' असं तोंडात आलं होतं, ते गिळलं.
त्या हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. शेवटी एकच विचारलं. किती मिनिटं चालू होतं?
मी म्हटलं, अकरा.
म्हणाल्या, अकरा मिनिटांत मी तिसऱ्या मजल्यावरून दोनदा खाली आले असते.
मग उठल्या. तीनला ड्युटी संपायच्या आत त्यांना पुढच्या नर्सकडे वॉर्ड सोपवायचा होता. दार उघडून बाहेरच्या पेशंटला म्हणाल्या, जा, आत बोलावतायत.
छातीचा फोटो होता. माणसाला प्लेटसमोर उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. म्हटलं, मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा. बटण दाबलं, फोटो निघाला. पुढचं सांगायचं राहून गेलं. मी स्क्रीनकडे बघत होतो, पण काही दिसत नव्हतं.
बऱ्याच वेळाने तोच कसाबसा म्हणाला, साहेब, सोडू का?